वैशालीचं मशीन आमीबी ऐकलं

त्या दिवशी मळ्यात पाच जनं हुतो. मी, आमचं म्हातारं, सून वैशाली, नात आरती, आन् ताक न्यायला आलेली शेजारची झुंबरबाई. पोरगा टेम्पो घेऊन नाशकाकडं गेल्ता, त्यो नव्हता. पाचबी जनं अजून हायती. कुनालाबी इचारा, हेच सांगतील.

मला लिहाया येत न्हाई, सही तेवढी येती. आरती लिहून घेतीया. ती मोबाईलवर लोकांचं असलं अनुभव वाचती आन् मी तिला वरडायची — भूतखेत काय नसतं, पोटात भूक आसली की समदं दिसतं. मी दुष्काळ काढलं, पोटचं लेकरू मातीआड केलं, कुनी माघारी येऊन बोललं न्हाई... आजबी मी भूत म्हनत न्हाई. झालं तेवढं सांगते.

आमचा मळा केडगावच्या मागं. वैशाली नगरला एका दवाखान्यात नर्स. कोरोनाची दुसरी लाट हुती, तिला ऑक्सिजनच्या वार्डात घातलेलं. घरी आली की गोठ्याच्या पडवीत ऱ्हायची, तिथंच बाज टाकलेली. आरतीला जवळ येऊ द्यायची न्हाई. ताट मी लांबनं सरकवायची. हात धुवून धुवून तिच्या बोटांची सालपटं निघाली हुती.

तिकडं पेशंटचा ऑक्सिजन उतरला की मशीन वाजतं म्हनं. टीं... टीं... ते तिच्या डोक्यातच बसलं. घरात कुकरची शिट्टी झाली तरी ही अनवानी पळत सुटायची. मंग मी कुकर बंद केला, डाळ पातेल्यात शिजवाया लागले. तरी डोळा लागला की उठायची. "आत्या, मशीन वाजतंय."

"न्हाई गं, तुझ्या मनाचं हाय." मी असंच म्हनायची. पोरगाबी तेच.

एकदा म्हनली, "आत्या, खरं सांगा, मला येड लागायलंय का? येड्या बाईच्या हातात सुई कशी द्यायची? सोडते मी नोकरी." वार्डात आदीच मानसं कमी, हे तीच सांगायची.

त्या दिवशी तिला सुट्टी. दुपारचं ऊन, लाईट गेलेली. आमी लिंबाखाली शेंगा फोडत बसलेलो. वैशाली लांब, पडवीच्या दाराशी. भाकरीचा तुकडा हातात तसाच.

आमचं म्हातारं शुगर फॅक्टरीत मिलवर हुतं, दोन्ही कान तिथंच गेलं. त्यांनीच आदी मान वर केली.

"काय वाजतंय गं?"

झुंबरबाई हसली. "अगं बया, गेलेलं कान माघारी आलं का काय! आक्का, आता शिव्या जपून द्या—"

आन् पडवीकडं मान वळवली. तिलाबी ऐकू आलं. मंग मला. टीं... टीं... टीं... बारीक, पर साफ. पडवीतनं, वैशालीच्या रिकाम्या बाजेकडनं.

"आजे, मम्मीचा मोबाईल आसंल," आरती म्हनली. आन् मोबाईल वैशालीच्याच मांडीवर, गप पडलेला. टीव्ही म्हनावं तर लाईटच न्हाई. झुंबरबाईनं जाऊन गोधडी झटकली, उशी उलटी केली. बाजेखाली शेळीचं करडू तेवढं, कान टवकारून उभं.

वैशाली बाजेकडं बघतच नव्हती. आमच्या तोंडाकडं बघत हुती.

"आत्या... तुमाला?"

"व्हय गं. मलाबी येतंय."

मी तसं म्हनले, आन् थांबलं.

तिनं लगीच वार्डात फोन लावला, समद्यांना ऐकू येईल असा. तिकडची नर्स म्हनली, "अगं समदी बरी हायती. आत्ताच जेवनाची पाकिटं वाटली. सुट्टी हाय ना तुझी? मंग झोप की भवाने!"

तिकडं कुनाचं काय बिघडलं नव्हतं. मंग आमच्या पडवीत वाजलं काय?

वैशाली खाली बसली. रडली न्हाई. "म्हंजी मी येडी न्हाई," एवढंच म्हनली. मी बाजेजवळ पोतं टाकाया गेले तर म्हनली लांब बसा, म्हनून लांब टाकलं. "तू झोप," म्हनले, "वाजलं तर मी हाय की ऐकाया." दिवस मावळंपतूर झोपली पोरगी. किती दिसांनी, कुनास ठाऊक. मी तिथंच बसले. काय वाजलं न्हाई.

नोकरी तिनं सोडली न्हाई. लाट सरली. आमाला ते पुन्यांदा कवाच ऐकू आलं न्हाई, म्हाताऱ्यालाबी न्हाई. तिला अजून येतं मधनंआधनं. डाक्टरच्या गोळ्या हायती, बरं पडतं. डाक्टर म्हनलं तिनं धसका घेतलाय. मी इचारलं, मंग आमचं काय हो, आमी कुठं वार्डात हुतो? त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

थकले मी आता. लई इचार केला, काय घावत न्हाई.

वाचनाऱ्यांनी एवढं करा. तुमच्या घरातलं कुनी दवाखान्यात राबून आलं आसंल, आन् वाजतंय म्हनलं, तर तुझ्या मनाचं हाय म्हनू नका. शेजारी बसा, त्याला झोपू द्या.