केळीचा चीक आणि तांब्याच्या पट्ट्या

धुळ्याच्या तारघरातून निवृत्त होऊन ज्ञानेश्वर नाना रावेरकडच्या आपल्या केळीच्या मळ्यात आले, तरी मोर्सची टिंबं आणि रेघा काही त्यांनी सोडल्या नाहीत. दर रविवारी सकाळी सातला ते बांधावर रेडिओ मांडत आणि इंदूरच्या कांतीलालशी बोलत. पण आता हात कापू लागला होता. दाबायच्या किल्लीवर एका टिंबाची तीन होत. 'पुढच्या रविवारीही वाचता आलं नाही, तर थांबू या,' असं कांतीलालनं कळवलं होतं.

म्हणून नानांनी लाकडावर तांब्याच्या दोन पट्ट्या ठोकल्या. दाबायचं काहीच नाही. बोट टेकलं की एक पट्टी टिंबं देई, दुसरी रेघा.

रविवारचे सात वाजले. नानांनी बोट टेकवलं. रेडिओ मुका. शेजारी बसलेल्या बायकोनं, भागाबाईंनी बोट लावलं, तसा तो वाजला.

"मना हात लागना ते बोलस," त्या हसल्या. "तुमना बोटंसवर केळीना चीक शे. काल दिनभर घड कोन कापत व्हतं?"

वाळलेला चीक कातडीचा स्पर्श पट्टीपर्यंत पोचू देत नाही, आणि साबणालाही दाद देत नाही. नानांनी मूठ वळली आणि जिथं चीक पोचत नाही, ती बोटांची मागची पेरं पट्ट्यांवर टेकवली. टिंबं, रेघा एकसारख्या निघाल्या.

पलीकडून उत्तर आलं, 'स्वच्छ वाचलं. पण ठोकायच्या ढबीवरून हा ज्ञानेश्वरचा हात नाही. कोण बसलंय?'

पुढचा अर्धा तास नाना ओळख पटवत बसले.