पुस्तकात ती रडत नाही

मुलगा परदेशी गेल्यावर अमरावतीच्या घरात आम्ही दोघेच उरलो. बोलण्यासारखे फारसे नव्हते. म्हणून एका अद्भुत कादंबरीवरची, हिंदीत डब केलेली मालिका सुरू झाली तेव्हा मी पत्नीला आग्रहाने शेजारी बसवले. ती कादंबरी मी तरुणपणापासून वाचत आलो आहे. पत्नीने ती उघडलेली नाही. मीही तिला कधी वाचून दाखवली नाही.

पहिल्याच भागापासून मी चुका काढू लागलो. किल्ला काळ्या दगडाचा हवा. जादूगार इतका देखणा नाही. ती "बरं" म्हणे आणि मेथी निवडत पुढे पाहत राही.

मग तो प्रसंग आला. नगर वाचवण्यासाठी राणीला स्वतःच्या मुलाची आठवण अर्पण करावी लागते. कादंबरीत ती घरी येऊन दोन ताटे वाढते आणि दुसरे कुणासाठी, हे तिला उमगत नाही. एवढेच. मालिकेत विजा, वाद्यांचा कल्लोळ आणि राणीचा हंबरडा. पत्नीच्या डोळ्यांना धार लागली होती.

मी शांतपणे म्हणालो, "पुस्तकात ती रडत नाही. तेच त्या प्रसंगाचे मोठेपण आहे."

तिने पदराने डोळे पुसले. "ज्यानं लिवलं, त्याले पोरगं नसन," म्हणाली, आणि आत गेली.

पुढच्या भागाआधीच ती अकोल्याला धाकट्या बहिणीकडे राहायला गेली आणि मालिका तिथेच पाहू लागली. मी कारण विचारले नाही. ते मला ठाऊक होते. तिच्यावाचून मीही मालिका पाहिली नाही. शेवटच्या भागाच्या दिवशी तिला आणायला गेलो. दाराबाहेरच दोघींचे बोलणे ऐकू आले.

"हा सेनापती पाह्य ना, तेल्हाऱ्याच्या मामासारका. लढाई कमी, मिशीले पीळ जास्त."

"अन् मामी कुठी हाय याची?"

"असन कापूस वेचून राहिली."

त्या हसत सुटल्या. पत्नीला हसू येते, हे मी विसरलो होतो. मी आत पाऊल टाकले आणि तिने टीव्ही बंद केला.

"या भाऊजी, च्या ठेवतो," मेहुणी म्हणाली.

"चालू राहू द्या. मी काही बोलणार नाही."

"तुमी नाई बोलले तरी," पत्नी पिशवी उचलत म्हणाली, "तुमचा चेहरा बोलते. चला."

परतीच्या एसटीत मी विचारले, "राणीचे पुढे काय झाले?"

"तुमच्या पुस्तकात असनच की," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पुस्तकातले मला पाठ होते. मी तिने पाहिलेले विचारत होतो. ते ती मला कशासाठी सांगेल, याचे उत्तर मूर्तिजापूर मागे पडले तरी मला सापडले नाही.