ताईच्या ताब्यातला माणूस

माझी थोरली बहीण हात दुरुस्त करते. माणसांचे नव्हे, यंत्रमाणसांचे. एकतिसाव्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीत दुकान. भिंतीवर आकड्यांना लटकलेले हात, ट्रेमध्ये सुटी बोटं, बरण्यांमध्ये बोटांतून ओवायच्या बारीक तारा. नवं गिऱ्हाईक दारातच दचकतं. लग्न करायचं तिच्याकडून राहूनच गेलं. आई म्हणायची, योग नव्हता. योग कसला, बाईला मान वर करायला फुरसत नव्हती.

तिच्याकडे कैदी आला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तुरुंग तोवर केव्हाच बंद झाले होते आणि शिक्षा झालेल्या माणसाला कुणाच्या तरी घरी ठेवत. त्याच्या मनगटात कडं, घरच्या माणसाच्या बोटात अंगठी. अंगठीवाल्याला राखणदार म्हणत. त्याने अंगठी दाबली की कैद्याचं अंग मानेखाली लाकूड व्हायचं, आणि अंगठीपासून चाळीस पावलांपलीकडे गेला तरी तेच. राखणदार चिठ्ठ्या टाकून निवडत. नाव निघालं की नाही म्हणायची सोय राखणदारालाही नव्हती.

हा माणूस जहाजाचा चालक. एका ग्रहावरून दुसऱ्यावर पाणी नेणारं जहाज त्याने वरिष्ठांचं न ऐकता एका कोरड्या पडलेल्या वस्तीकडे वळवलं होतं. हुकूम मोडला, म्हणून पाच वर्षं हुकमात राहण्याची शिक्षा. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे माझी ये-जा चालूच असायची. मी त्यांना पाहुणे म्हणायचे. "काय पाहुणे, मुक्काम बरा आहे ना?" म्हटलं की ते हसायचे. माझ्या फटकळ तोंडाला हसून घेणारी माणसं मला आवडतात.

दुसऱ्याच आठवड्यात ताईच्या हातून ती चूक झाली. ती खाली वाकून तार ओवत होती आणि पाहुणे एकदम तिच्या अंगावर धावून आले. ती घाबरली आणि तिने अंगठी दाबली. ते हात पुढे केलेले तसेच ताठ होऊन पडले, आणि तिच्या डोक्यावरच्या आकड्यातून निसटलेला मालवाहू यंत्राचा अवजड हात त्यांच्या पंजावर आदळला. ते तिला बाजूला ढकलायला धावले होते. दोन बोटं मोडली. आयुष्यभर हात जोडत आलेल्या माझ्या बहिणीने एका जिवंत माणसाची बोटं मोडली, आणि तीही तिला वाचवायला निघालेली.

महिनाभर तिने त्यांना भरवलं. ते "अहो, डावा हात आहे ना मला," म्हणायचे आणि तरी तोंड उघडायचे. अंगठी काढता येत नव्हती, काढली तर तिलाच शिक्षा. मग तिने अंगठीवर पत्र्याची एक छोटी टोपी बसवली आणि झाळून टाकली, म्हणजे ती दाबलीच जाऊ नये. त्यानंतर तर ती त्यांना साधा पेला द्या असंही सांगेना. स्वतः उठून घ्यायची. घरात कैदी नेमकं कोण, हेच मला कळेनासं झालं.

बोटं बरी झाल्यावर ते तिच्यासमोर बसून काम शिकले. ते तारा ओवायचे, ती गाठ मारायची. गाठ मारताना दोघांची बोटं लागायची, आणि मग दोघंही उगीच त्या यंत्राच्या हाताकडे टक लावून बघत बसायची. मी काही आंधळी नव्हते. "ताई, सांगून टाक," मी म्हटलं. तर ती म्हणाली, "माझ्या बोटात ही असताना मी काही विचारणं म्हणजे धमकीच की गं."

तरी तिसऱ्या वर्षी एकदा तिने विचारलंच, शिक्षा संपल्यावर इथेच राहाल का म्हणून. पाहुण्यांनी हातातली तार खाली ठेवली. "हे कडं असताना नका विचारू," ते म्हणाले. "मी हो म्हटलं तरी तुम्हाला ते खरं वाटायचं नाही. मलाही नाही." ती नुसतीच मान हलवून पुन्हा कामाला लागली.

दर महिन्याला तपासनीस बाई यायच्या. तीन वर्षं भरली त्या खेपेला त्यांनी एक फॉर्म पुढे केला. एवढी वर्षं नीट पार पडली, तर राखणदाराला दोनपैकी एक मागता यायचं: कैद्याचा ताबा कायमचा, किंवा मुदतीआधी सुटका. "बरेच जण कायमचा मागतात," बाई म्हणाल्या. "माणसाची सवय होते हो." ताईने सुटकेवर खूण केली, सही केली, आणि कुणाला बोलली नाही. मलासुद्धा नाही.

पाहुण्यांना कळलं ते कडं कापणारा माणूस दारात उभा राहिला तेव्हा. कडं निघालं, ताईच्या बोटातली अंगठीही निघाली. कड्याखालची कातडी पांढरी पडली होती. ते बराच वेळ त्या कातडीवरून अंगठा फिरवत राहिले.

"मला विचारलं का नाहीत?" त्यांनी म्हटलं.

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो कदाचित. पण ते मी म्हणायचं होतं ना? आत ठेवलंत ते न विचारता, तो कायदा होता. आता बाहेर काढताय तेही न विचारता."

मला त्या माणसाचा राग आला, आणि तो खरं बोलतोय याचा त्याहून जास्त आला. त्यांची आई दूरच्या वस्तीवर होती, तिकडचं जहाज त्याच आठवड्यात सुटणार होतं. निघताना कुणीही येतो म्हणतं. ते जातो म्हणाले.

ताई रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. अकरा महिने तिने त्यांचा विषय काढला नाही. मी काढला की ती मला वर पाठवायची.

ते आले तेव्हा सकाळची वेळ होती आणि मी दुकानातच होते. केस बरेच पिकलेले, खांद्याला एकच पिशवी. ते दारात थांबले. ताईने हातातला पंजा खाली ठेवला. मी तिथून उठायला हवं होतं, पण उठले नाही, खोटं कशाला बोलू.

"आता विचारू?" ताईने म्हटलं.

"विचारा."

"इथे राहाल? माझ्याबरोबर?"

"नाही," ते म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला. मला वाटलं, ही आता कोसळणार. पण तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं. लांबून आलात, चहा तरी घेऊन जा." ती आत वळली. तिने का म्हणून विचारलं नाही, गळ घातली नाही.

पाहुण्यांनी पिशवी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्हाला एकदा नाही म्हणून बघायचं होतं," ते म्हणाले. "आता पुन्हा विचारा."