लाल दोऱ्याचे बोंबील

आमच्या प्राचार्यांना दिल्लीहून येताना नुसती सर्दी झाली असती तर किती बरं झालं असतं! पण ते आले ते विद्वत्ता मोजायचं खूळ घेऊन.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसईतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. म्हणजे जूनमध्ये मला बोलवायचे आणि एप्रिलमध्ये घरी पाठवायचे, आंब्याच्या राखणदाराच्या बरोबर उलट. त्या वर्षी आम्हा हंगामी लोकांपैकी एकालाच पर्मनंट करायचं ठरलं होतं. उरलेल्यांना जूनमध्ये बोलावणं येणार नव्हतं. शर्यतीत दोघंच, मी आणि रसायनशास्त्राचे एक गृहस्थ.

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये चहाच्या किटलीच्या वर भिंतीला एक तक्ता टांगला. डावीकडे सगळ्या स्टाफची नावं; आम्हा दोघांपैकी ज्याचे गुण जास्त तो पर्मनंट. छापून आलेल्या शोधनिबंधाला पाच गुण, आणि दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्याचा उल्लेख केला तर दहा. बाजूला मुंबईतल्या एका बड्या कॉलेजचे आकडे, आम्हाला लाज वाटावी म्हणून. शिकवण्याला रकाना कुठाय, असं मी विचारलं. "ते काय, सगळेच करतात," सर म्हणाले. हे मात्र साफ खोटं होतं.

मग स्टाफरूममध्ये जी उकराउकरी सुरू झाली ती कोंबड्यांनाही जमली नसती. मराठीच्या सरांनी पुतणीच्या लग्नातल्या छापील मंगलाष्टका आणून दाखवल्या. रसायनवाल्यांचा एक मेहुणा गुजरातेत प्राध्यापक होता. हे मेहुण्याचा उल्लेख करायचे, मेहुणा ह्यांचा. अहो रूपम्, अहो ध्वनिः! प्राचार्य मान डोलवत गुण लिहायचे आणि मी किटलीशेजारी उभी राहून नुसती जळायचे.

माझा निबंध एकुलता एक, तोही बोंबलावर. ओला बोंबील वाळताना वजनाला किती उतरतो, एवढाच त्याचा विषय. त्यासाठी तक्ता यायच्या बऱ्याच आधी दोन हंगाम मी नंदाखालच्या घरून एष्टीने पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जात होते. तिथे एका कोळीण मावशीने तिच्या वलांडीचं, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंचं, एक टोक मला दिलं होतं. बोंबलांची वजनं करायची, शेपटीला लाल दोरा बांधायचा, जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगायच्या, आणि दोन-तीन दिवसांनी येऊन पुन्हा तराजू काढायचा. मावशी पोट धरून हसायची.

"बाय, बोंबील सुकतो ह्याला पन शिकायला लागतं?"

"हे नीट झालं तर मला पर्मनंट करतील, मावशी."

"म्हंजे काढनार नाय?"

"नाही."

"मंग करूया," ती म्हणाली आणि तिने माझ्यासाठी चहा टाकला.

निष्कर्ष मोठा झकास निघाला. वसईचा बोंबील वाळला तरी अंग धरून राहतो! असं का, तर खाडीचा वारा. त्या वाऱ्यावर मी चांगली दोन पानं लिहिली होती. निबंध छापून आला तेव्हा पापांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो आमच्या वाडीतल्या केळीच्या गिऱ्हाइकांनासुद्धा दाखवला, आणि गिऱ्हाइकांनी तो उलटा धरून वाचला.

पण पाच गुणांनी काय होतंय? कुठेतरी उल्लेख हवा होता. आयने माझ्यासाठी नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना धरला आणि मी मुंबईतलं एक मोठं ग्रंथालय. कोणी कोणाचा उल्लेख केला ह्याच्या याद्या तिथे उशीएवढ्या जाड ग्रंथांत असायच्या, अक्षर मुंगीएवढं. त्यात आमच्या वसईतली आडनावं म्हणजे केळीचा घड, एकाला हात घातला की दहा हाती येतात. दुपारपर्यंत डोळे फुटायची वेळ आली. आणि सापडला! माझ्या बोंबलाचा उल्लेख, तोही परदेशातल्या एका विद्वानाचा. मी तिथेच क्रूस केला.

मग त्याचा मूळ निबंध काढून वाचला. त्याने लिहिलं होतं, की हे आकडे अशक्य आहेत, असा बोंबील पृथ्वीवर वाळत नाही, कुणी ह्यावर विसंबू नये.

रात्रभर रडले. सकाळी प्राचार्यांपुढे तो निबंध ठेवला आणि म्हटलं, "सर, उल्लेख आहे, पण मी चुकले असं लिहिलंय."

सरांनी फक्त नाव पाहिलं, देश पाहिला. "परदेशी! मॅडम, हे मुंबईच्या कॉलेजलासुद्धा जमलेलं नाही!"

"सर, पण आत शिव्या आहेत."

"तक्त्यात शिव्यांचा रकाना आहे का?" असं म्हणून त्यांनी दहा गुण लिहिले, परदेशी म्हणून वर आणखी पाच. परदेशापुढे मेहुणा गुजरातेतच राहिला आणि रसायनवाले मागे पडले. एप्रिलमध्ये संस्थेने मला शाल दिली, नारळ दिला आणि पर्मनंट केलं. ज्या बोंबलांनी नाक कापलं, त्यांनीच नोकरी दिली. आय म्हणाली, नोव्हेना पावला.

पेढे काय कुणीही वाटतं, मी घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी, घेऊन पाचूबंदरला गेले. मावशी बोंबील उलटत होती.

"मावशी, झाले पर्मनंट!"

"पास झाले ना माजे बोंबील?" ती खुशीत म्हणाली.

"तुझे कसे? माझे ना?"

"तुजे कुटले, बाय? तुजे कावल्यांनी नेले, मांजरांनी नेले. उरले ते हे एवडेएवडे. तू तराजू काडून बसनार, आनि तुला काय नुसता दोरा दाकवू? मी माजे मोटे मोटे काडले न् लाल दोरा बांदून टाकला."

असा माझा खाडीचा वारा! तो परदेशी बाबा तिकडे बसून खरं बोलत होता. माझं डोकंच फिरलं. दोन हंगामांचं काम, ती दोन पानं, सगळं हिने धुळीला मिळवलं होतं.

"मावशी, अगं सगळं खोटं झालं ना!" मी ओरडले.

सुकेळीचं पान सोडता सोडता तिचा हात थांबला. चेहरा एकदम उतरला.

"मंग काडतील तुला?"

माझा राग तिथेच संपला. त्या तक्त्यापुढे वर्षभर इतके लोक उभे राहिले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"नाही गं. आता नाही काढणार."

"मंग वरडते कशाला?" तिने सुकेळी तोंडात टाकली आणि ओल्या हाताने माझी पाठ थोपटली. "फुडच्या टायमाला आदी सांग, वजन किती पायजे. तेवडे ठेवीन."