एक चाल राहिली

जगातल्या सगळ्या माणसांचे दोन गट केले, तर एका गटात बोलावल्यावर जाणारी माणसं येतील आणि दुसऱ्या गटात एकटा माझा साडू येईल, कारण तो बोलावणं यायच्या आधीच बूट बांधून दारात उभा असतो. पेशाने तो क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात चेंडू लांबट असतो आणि नाव फुटबॉल असूनही तो बहुतेक वेळ हातातच असतो. खेळ सलग नसतो, थांबून थांबून एकेका चालीने पुढे सरकतो. प्रत्येक चालीला तो चेंडू आधी ज्याच्या हातात येतो, आणि समोरून आठ-दहा धिप्पाड माणसं अंगावर येत असताना तो कोणाकडे फेकायचा हे ज्याला पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं, तो क्वार्टरबॅक. मैदानावर तो एकच असतो. दुसरा बाजूच्या रेषेबाहेर उभा राहतो आणि पहिल्याचा गुडघा, खांदा किंवा मनःस्थिती बिघडण्याची वाट पाहतो. माझा साडू पंधराएक वर्षं व्यावसायिक खेळला, आणि या संपूर्ण काळात तो दुसरा होता.

त्याच्या कारकिर्दीचा तपशील मी त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी मिळवला आहे. पुण्यात मी एका दैनिकाच्या क्रीडा पानावर होतो, त्यामुळे तपासून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. वडील नागपूरचे, नोकरीसाठी ओहायोत गेलेले, जन्म तिथलाच. एका लहानशा कॉलेजकडून खेळताना त्याने नाव काढलं. मग एका मोठ्या क्लबने उन्हाळी सरावाला बोलावलं आणि एका सकाळी मार्गदर्शकांनी निरोप पाठवला, 'भेटायला ये, येताना चालींचं बाड घेऊन ये.' बाड परत मागितलं की माणूस निघाला असं समजायचं, अशी त्या खेळातली रीत आहे. त्यानंतर तो एका छपराखालच्या लीगमध्ये गेला. तिथे शनिवारी सामना असे आणि सोमवारी त्याच जागी गुरांचा लिलाव. मग कॅनडा, जिथे तो दोन चालींपुरता मैदानात उतरला आणि त्यातल्या एकीत पाय घसरून पडला. जर्मनीत क्लबला पैसा पुरवणारा कारखाना बंद झाला. पोलंडमध्ये पहिल्या क्वार्टरबॅकच्या बायकोला बाळ झालं म्हणून याला अर्धा सामना मिळाला, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा फोन आल्यावर उरलेला अर्धा काढून घेण्यात आला. फिनलंडबद्दल तो फक्त 'थंडी होती बाप्पा' एवढंच सांगतो.

त्याचं मराठी हा वेगळाच विषय आहे. आई-वडिलांनी ऐंशीच्या दशकातलं नागपूर जसंच्या तसं ओहायोत नेलं, आणि ते या सहा फुटी, अमेरिकन पासपोर्टच्या माणसाच्या तोंडात बसलं. तो आता राहतो त्या, नेदरलंड्समधल्या फेल्डहोवनच्या सायकल रस्त्यावर पाठीमागून 'दादा, अहो दादा, थांबा ना जी, मी येऊन राहिलो' अशी हाक आली की आजूबाजूचे आमचे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर सायकलीवरून पडायच्या बेतात येतात. बाकी, इंग्रजी सोडली तर, ज्या ज्या देशात तो खेळला तिथली भाषा त्याला येत नाही. मात्र प्रत्येक भाषेत 'थांब' कसं म्हणतात ते येतं. डचमध्येही तो सगळ्यात आधी 'वाख्त एव्हन' शिकला. हुइसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, खोलीबाहेर आम्ही दोघे एकदा बसलो होतो. आत दुसरा पेशंट होता. हा उठून खांदे फिरवायला लागला, मग जागच्या जागी गुडघे उचलायला लागला. समोरच्या डच आजीबाईंनी मासिक खाली केलं.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"वॉर्मअप करून राहिलो. आतला कधी बाहेर येईल सांगता येते का?"

दुसरी सवय फेकण्याची. माझ्या साडूने आजपर्यंत कोणतीही वस्तू कोणाच्या हातात दिलेली नाही. संत्री, किल्ल्या, पावाची पिशवी, सगळं हवेतून येतं आणि बरोबर तुमच्या छातीशी येतं. झेलता येत नसलं तरी तुम्ही झेलता. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली, आणि काडेपेटी हॉलच्या मागच्या टोकाला राहिल्याचं लक्षात आलं. साडूने ती साठ-सत्तर डोक्यांवरून फेकली. ती गुरुजींच्या मोकळ्या हातात पडली आणि गुरुजींनी आरतीची ओळ न तोडता काडी ओढली. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चष्म्याचं घर मागितलं. ते स्वयंपाकघरातून निघालं, दिवाणखाना ओलांडून आलं आणि त्यांच्या मांडीवर अलगद उतरलं. सासूबाईंनी आधी चष्म्याच्या घराकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"जावईबापू, आमच्याकडे हातात देतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तशी सक्ती नाही."

माझी मेहुणी त्याला जर्मनीत भेटली. ती तिथे नोकरीला होती आणि तो, क्लब बुडाल्यामुळे, रिकामा होता. लग्न झालं, तिला इथे संगणकाच्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं आणि माझा साडू आयुष्यात प्रथमच संघाऐवजी बायकोच्या मागे एका गावात आला. मीही बायकोच्या व्हिसावरच शेजारच्या बेस्ट गावी आलेलो असल्यामुळे हा विषय आम्ही दोघेही जपून काढतो. इथे त्याला जिममध्ये शिकवायचं काम मिळालं, आणि जवळच्या एका हौशी क्लबात खेळायलाही मिळालं. क्लबचा पहिला क्वार्टरबॅक डच, दिवसा फिजिओथेरपिस्ट. म्हणजे त्याचा स्वतःचा गुडघा बिघडण्याची आशाही फारशी नव्हती.

नेदरलंड्स त्याला एकाच कारणासाठी मनापासून आवडलं. इथलं भाड्याचं घर पुष्कळदा नुसत्या सिमेंटच्या जमिनीसह मिळतं. वरचं लाकूड भाडेकरूने स्वतः घालायचं आणि जाताना उचलून न्यायचं. हे कळलं तेव्हा तो हरखून म्हणाला होता, "दादा, पायाखालची जमीनसुद्धा सोबत नेतात! हे माझ्यासारख्यांचंच गाव आहे." मेहुणीला मात्र ओक लाकडाची जमीन हवी होती. सिमेंटवर मोजे घालून चालत तिने दोन हिवाळे काढले. लाकडाचा विषय निघाला की साडू म्हणे, "सीझन संपू दे, पाहू." आणि दाराच्या मागे त्याची ती निळी बॅग कायम भरलेली असे: बूट, खांद्याचं कवच, टॉवेल, पासपोर्ट. त्याचा टूथब्रशही तिच्यातच असे. दात घासून झाले की तो पुन्हा बॅगेत जाई.

शेवटी नवराबायकोत एक करार झाला. तो माझ्या घरी, माझ्या बायकोच्या हातच्या मिसळीवर झाला, त्यामुळे मी साक्षीदार आहे. मेहुणीने विचारलं, "तुला नक्की काय हवंय ते एकदा सांग. कप? पैसे? काय?"

तो बराच वेळ पाव मोडत राहिला. मग म्हणाला, "एक सामना. पुरा. आपल्या टीमकडे बॉल आहे तितका वेळ प्रत्येक चालीला मीच. पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत. कोणाच्या जागी नाही, आणि माझ्या जागी कोणी नाही."

"आणि तो झाला की?"

"झाला की बॅग उघडतो. मग टाक तुझं लाकूड."

"जिजाजी, ऐकलंत ना?" मेहुणी म्हणाली. मी ऐकलं होतं.

त्या वसंतात ती वेळ आली, आणि ज्या कारणाने आली ते दुसऱ्या कुठल्या देशात घडलं नसतं. सीझनचा शेवटचा सामना ज्या शनिवारी होता, त्याच शनिवारी पहिला क्वार्टरबॅक कुटुंबासह कॅराव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन फ्रान्सला निघणार होता. सुट्टी वर्षभर आधी ठरलेली. सामना पुढे-मागे होऊ शकतो, डच माणसाची सुट्टी नाही. ज्याने अर्ध्या युरोपात लोकांच्या गुडघ्यांकडे डोळे लावून दिवस काढले, त्याच्यासाठी शेवटी एक कॅराव्हान धावून आली.

एक अडचण उरली. इथल्या क्लबात प्रत्येक सभासदाला कँटीनची पाळी असते. मार्गदर्शक असो की खेळाडू, कॉफी ओतायची आणि बिटरबॉलन, म्हणजे मांसाचे ते गोल गरम वडे, तळायचे. पाळी टळत नाही, फक्त बदली माणूस देता येतो. साडूची पाळी नेमकी त्याच शनिवारी होती. तो माझ्याकडे आला. "दादा, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी माझ्या जागी बोलावून राहिलो," तो म्हणाला. मी ॲप्रन बांधला.

कँटीनच्या खिडकीतून मैदान पूर्ण दिसतं, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं लिहितो. वारा होता, ऊन होतं. सासूबाई शालीवर कोट चढवून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी माझी बायको आणि मेहुणी. साडू पहिल्या चालीला मैदानात गेला आणि खेळला. खेळ म्हणजे काय ते मला कळतं असं मी मानत होतो; पण गणपतीत काडेपेटी फेकणारा हा माणूस भर वाऱ्यात, अंगावर तिघे येत असताना, पन्नास पावलांवर पळणाऱ्या सुताराच्या ओंजळीत चेंडू ठेवत होता. हा सुतार, दिवसा खरोखरच लाकूडकाम करणारा, संघातला सगळ्यात वेगवान गडी. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. सासूबाई कँटीनशी येऊन म्हणाल्या, "चहा आहे का? आणि काय हो, हे जावई आज बसत का नाहीयेत?"

"आज ते बसायचे नाहीत, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप उचलून, "छान दिसतात उभे."

शेवटची काही मिनिटं उरली होती. आम्ही पुढेच होतो, चेंडू आमच्याकडेच होता. सामना संपताच सगळ्यांना गरम खायला लागतं, म्हणून मी खिडकीतून हात वर करून मार्गदर्शकांना खुणेनेच विचारलं, तळायला घेऊ का? मार्गदर्शक, शाळेत गणित शिकवणारे एक उंच गृहस्थ, कँटीनकडे वळले आणि त्यांनी मोठा हात हलवला: हो, आण, आण.

त्यांच्या पलीकडे, बरोबर त्याच रेषेत, साडू उभा होता. त्याने तो हात पाहिला. पंधरा वर्षं त्याने असाच, बाहेर बोलावणारा हात पाहिला होता. त्याने हेल्मेट काढलं, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली आणि मान खाली घालून बाहेर पळत आला.

मैदानावर अकरापैकी दहाजण उरले. घड्याळ चालू होतं, आणि बदली क्वार्टरबॅक नव्हताच. कोणाला काही सुचेना, तेव्हा सुताराने पुढे होऊन स्वतःच चेंडू घेतला आणि मुसंडी मारली. दोन पावलं गेला आणि ढिगाऱ्याखाली सापडला. त्या चालीत याहून जास्त काहीही घडलं नाही.

"बाहेर का आलास?" मार्गदर्शक ओरडले.

"तुम्ही बोलावलं."

"मी वडे मागवत होतो!"

साडूने हेल्मेट चढवलं. मग तो धावत परत गेला आणि उरलेल्या सगळ्या चाली खेळला. आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला उचललं, सुताराने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. ती चाल कोणाच्याही लक्षात राहिली नाही. फक्त सासूबाई, तो घामाने निथळत जवळ आल्यावर, हलकेच म्हणाल्या, "बोलावलं नव्हतं, तर आलात कशाला हो?" त्यात टोमणा नव्हता. तो हसला आणि त्याने त्यांच्या हातातला रिकामा कप, न फेकता, हातात घेतला.

परतताना गाडी मी चालवत होतो. मागे तिघी, शेजारी तो. शेतांवरून लांब उजेड पडला होता. तो म्हणाला, "दादा, तुम्ही पेपरात असता तर काय लिहिलं असतं? पुरा सामना खेळला, असं?"

मेहुणी काय ऐकण्याची वाट पाहते आहे ते मला ठाऊक होतं. एक शब्द मी म्हटला असता तर तिला लाकूड मिळालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "एक चाल सोडून, असं लिहिलं असतं."

"हौ," तो म्हणाला. "तेच म्हणतो मी." आणि सीट मागे ढकलून त्याने डोळे मिटले. इतका निवांत मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता.

आरशात मला मेहुणीचा चेहरा दिसला. ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "लाकूड मी टाकून घेणारच आहे. करार गेला खड्ड्यात."

"टाक ना," तो डोळे न उघडता म्हणाला. "सुताराला सांगतो."

त्या उन्हाळ्यात फेल्डहोवनच्या घरात ओकची जमीन आली. सुताराने स्वतः येऊन घातली. त्यासाठी सगळं सामान हलवलं, तेव्हा दारामागची निळी बॅगही उचलावी लागली. मी मदतीला गेलो होतो. मेहुणीने ती बॅग उघडली, टूथब्रश काढून न्हाणीघरात नेऊन ठेवला. मला वाटलं, आता बाकीचंही कपाटात जाईल. ती बॅगेपाशी परत आली. सामन्याचा तो शर्ट तिने धुऊन इस्त्री करून ठेवला होता. त्याच्या बाह्या आत दुमडून तिने नीट घडी घातली, बुटांवर ठेवली, चेन ओढली आणि बॅग पुन्हा दारामागे, नव्या लाकडावर उभी केली.

साडू आता चाळिशीकडे आला आहे. क्लबने त्याला पुढच्या सीझनला ठेवलं आहे, दुसरा म्हणून. फिजिओथेरपिस्ट यंदा सुट्टीला नॉर्वेला जायचं म्हणतो, पण तारखा अजून ठरलेल्या नाहीत. संध्याकाळी कधी मी त्यांच्याकडे गेलो की दार मेहुणी उघडते, आणि आतून, कोण आलंय हे कळायच्या आधीच, त्या नव्या जमिनीवर पळत येणारी पावलं ऐकू येतात.