चार सालांची डिग्री

आम्ही ॲग्रीवाले चौघे कचेरीमागच्या चहाच्या टपरीवर बसलो की किस्से निघतात. ते जमवावे लागत नाहीत. तरोट्याचं तण कुठे पेरावं लागतं! ज्याने बी.एस्सी. ॲग्री केलं, त्याच्या अंगाला ते आपोआप चिकटतात. बाकीचे तिघे हसत हसत सांगतात. मलाही हसू येतं, पण माझ्या किस्स्यांत माझा धाकटा भाऊ नामदेव असतो, आणि मग चहा कडू लागतो.

*

ॲडमिशनला बाबा सोबत आले होते. जानेफळपासून एस.टी.त त्यांच्या डोक्यात एकच घोळ, पैसा जाणार, पण परत येणार का? कॉलेजच्या क्लार्कने फीचा आकडा सांगितला. बाबा खिडकीत वाकून म्हणाले, "साहेब, आमी बैल घेतो तं आदी दात पाह्यतो. या डिग्रीचे दात कोठं पाहावे?"

क्लार्क म्हणाला, "चार वर्षांनी दिसतील!"

घरी येऊन बाबांनी नामदेवची शाळा सोडवली. नववीत होता. पाटलांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार लागला, आणि त्या पहिल्या उचलीतून माझी फी भरली. पुढे दर पाडव्याला त्याचं साल ठरायचं, आगाऊ उचल मिळायची, आणि जूनमध्ये ती माझी फी म्हणून त्याच खिडकीतून आत जायची. माझं फर्स्ट इयर, त्याचं पहिलं साल!

*

नांगरटीचं प्रॅक्टिकल होतं. मी नांगर धरला, जमिनीत तास अगदी सरळ निघालं. शेजारी एक शहरातला मुलगा, त्याला बैलच ओढत नेत होते. निकालात त्याला फर्स्ट क्लास, मी काठावर पास! सरांना विचारलं, तर म्हणाले, "नांगर तू उत्तम हाकलास रे, पण नांगराची व्याख्या चुकलास!"

सुट्टीत नामदेवला सांगितलं. तो पोट धरून हसला. "मंग माह्या बैलाले इचार न व्याख्या!"

*

पास झालो आणि वर्षभर घरी बसलो. अर्ज टाकायचे आणि पोस्टमनची वाट बघायची. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि पाटलांकडे गेलो. म्हटलं, मला शेतीवर मॅनेजर म्हणून ठेवा.

पाटील पान चघळत म्हणाले, "ठेवलं असतं बे. पण तुले काम शिकवाले नामदेव लागीन, अन् त्याचा आर्धा दिवस फुकट जाईन!"

नामदेव तिथेच गोठ्यात शेण काढत होता. त्याने सगळं ऐकलं, पण मान वर केली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

मग एकदाची नोकरी लागली. कृषी विस्तार अधिकारी! पगार सुरू झाला तसा नामदेव साल सोडून घरच्या तीन एकरांत परतला. मला वाटलं, आता गावोगाव हायब्रीड ज्वारी शिकवू. ऐन मृगात साहेबांचा हुकूम निघाला, नसबंदीच्या कॅम्पला माणसं आणा, टार्गेट आहे!

बीबी गावच्या पारावर चार जणांना गोळा करून समजावत होतो. बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी तं बियान्याचे साहेब न? मंग बियानं बंद काऊन करून राह्यले?"

टपरीवर हा किस्सा सगळ्यात जास्त चालतो. 'नामदेवची चार सालं यासाठी घातली', असं मी म्हणतो तेव्हा मात्र कोणी हसत नाही.

*

गेल्या हंगामात पीक स्पर्धा झाली. हायब्रीड ज्वारीत तालुक्यात नामदेव पहिला! ओळींतलं अंतर किती, खत कधी, किती, मी रविवारी घरी गेलो की तो एकेक गोष्ट विचारून घ्यायचा आणि तशीच्या तशी करायचा. मी स्वतः मात्र डिग्री घेतल्यापासून एक एकरही पेरलेला नाही.

बक्षिसाआधी फॉर्म भरायला तो आमच्या कचेरीत आला. धुतलेला पायजमा, नवी टोपी. आमचा क्लार्क एकेक रकाना विचारत होता. नाव झालं, गाव झालं, क्षेत्र झालं. मग म्हणाला, "शिक्षण?"

मी घाईने पुढे होऊन सांगितलं, "नववी. अर्धवट."

नामदेवने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि क्लार्ककडे वळला.

"बीएस्सी ॲग्री लिवा, साहेब. चारही सालं फी म्या भरली. भाऊ तं निस्ता क्लासात बसला होता!"