डोंगर उतरलेला पाहिला

हिने आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते भेग बुजवण्याचं. आमचं घर कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. आषाढात घरामागे जमीन चिरली, हात जाईल एवढी. ही घमेल्याने माती देत होती, मी धुमसाने ठोकत होतो. वरून तिने शेणाने सारवलं. "आता दिसत पन नाय," म्हणाली. पुढच्या आठवड्यात तापाने गेली.

तेराव्याला मुलगा म्हणाला, "बाबा, घर सोडा. मुंबईला चला." हिचा हात फिरलेल्या भिंती सोडून जायला मी तयार नव्हतो. पण भेग पुन्हा बोटभर उघडली होती. राहावं की सोडावं, हे मेव्हण्याला विचारायला निघालो. त्याच्या वाडीवर दरड कोसळलेली.

"या वयात सासरवाडी, आजोबा?" कुठे निघालो ते ऐकून पोलादपूरला कंडक्टर हसला.

"तिकीट दे. वय मी बघतो."

महाडच्या बाजारात पुराची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. दुकानदार तिच्याखाली बसून कांदे विकत होता. पुढची गाडी वाडीच्या अलीकडेच थांबली, रस्ता खचलेला. चिखलात चपलेचा अंगठा तुटला. उरलेला चढ अनवाणी चढलो.

वळण संपलं आणि मी उभाच राहिलो. तीन पावसाळ्यांपूर्वी दरड आली तेव्हा वाट बंद होती. तिच्यात गेलेल्या सासूचं दिवसकार्य महाडातच उरकलं, म्हणून हे पाहिलंच नव्हतं. अख्खी कड सोलून काढल्यासारखी लाल. खाली एसटीएवढे धोंडे. व्हाळाने (ओढ्याने) जुनी जागा सोडून भलतीकडून वाट काढलेली. आणि त्या पडलेल्या मातीवर हिरवीगार नाचणी डुलत होती. माझे हात जोडले गेले. कुणाला, ते ठाऊक नाही.

मेव्हणा सखाराम खाली पत्र्याच्या घरात राहतो. त्याने भाकरी आणि टाकळ्याची (पावसात उगवणारी रानभाजी) भाजी वाढली.

"त्याच मातीत पेरलीस?"

"मंग काय करू, दाजी? माझं शेत तिच्याच खाली हाय. आनि पिकते अशी, आधी कधी पिकली नाय."

मी भेगेचं सांगितलं. त्याचा घास थांबला.

"बुजवलीत?"

"तुझ्या बहिणीने सारवली पन."

"आमी पन बुजवली होती. वर नाचणी लावली. आई म्हनली, जागा फुकट का घालवा. आठ दिवसांनी आमी पल्याड दुसऱ्याच्या लावणीला होतो, आई घरात." त्याने भाकरी ताटात ठेवली. "ताईला कधी सांगितलं नाय. लाज वाटली."

"सांगितलं असतंस तर तिने मातीला हात लावला नसता," मी तोंडावर बोललो.

"बोला. पन भेगेखाली घरं किती?"

"माझ्यासकट पाच."



परतताना खिडकीतून सावित्रीकाठची मळी (नदीकाठची सपाट शेतं) दिसली, भाताने भरलेली. ही मातीही कधीतरी अशीच डोंगरावरून उतरली असणार. जन्मभर तिचंच खाल्लं आणि कधी विचार केला नाही. एवढं मोठं चाललंय, त्याला माझी भिंत काय, आणि तिच्यावरचा हिचा हात काय.

त्या रात्री घरी न जाता गावातल्या खालच्या देवळात झोपलो. सकाळी कुदळ घेतली, बाकीच्या चारही घरांतल्या माणसांना माझ्या घरामागे नेलं आणि सारवण उकरून भेग दाखवली.

"कधीपासून हाय ही?" शेजाऱ्याने विचारलं.

"महिना होत आला," मी म्हटलं. "आमी दोघांनी झाकली होती."